एकाच नळीने पितात, हो

बुएनोस आइरेस, अर्जेंटिना, १४ जुलै २०२५

तीर्थरूप आई, बाबा आणि आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, हे आधी. आजीला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून हे पत्र. आई, तिला शेजारी बसवून मोठ्याने वाच.

इथे सध्या ऐन थंडी आहे. पहाटे पारा सात-आठवर उतरतो, बर्फ मात्र पडत नाही. स्वेटर आहेत, घरात हीटर आहे. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, उकळावं लागत नाही. आणि आठवड्यात फोन येत नाही म्हणून रुसू नका. इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा कराडात रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

आता व्हिडिओ कॉलवर दिसलं आणि तू फोन ठेवून दिलास त्याबद्दल. हो आई, आठ माणसं एकाच भांड्यातून, एकाच नळीने पितात. आणि त्यात मीही असते. पण आधी ते काय आहे ते ऐकून घे.

त्याला माते म्हणतात, एका झाडाच्या वाळवलेल्या पाल्यावर गरम पाणी ओतून केलेलं पेय. माते म्हणजे मुळात ते भांडंच. आपल्या एकतारीला जो भोपळा असतो त्याच वेलाचं मुठीएवढं फळ वाळवून, पोखरून केलेलं. नवा भोपळा लगेच वापरत नाहीत. त्यात वापरलेला ओला पाला भरून दिवसभर ठेवतात, मग चमच्याने आतला मऊ गर खरवडतात, असं दोनदा करून कोरडा करतात. ही घाई केली की पेयाला भोपळ्याची चव येते, आणि ओला झाकून ठेवला तर बुरशी धरते. पाल्याला येर्बा लिहितात, पण या शहरात म्हणतात शेर्बा. उत्तरेला मिसियोनेस आणि कोरिएन्तेस प्रांतांत त्याची लागवड आहे. युरोपियन येण्याच्या कितीतरी आधीपासून ग्वारानी लोक तो वापरत. दारू नाही, नशा नाही. चहा-कॉफीत असतं तेच कॅफीन.

भोपळा पाऊण भरतात. तोंडावर तळहात दाबून उपडा करतात आणि तीन-चारदा झटकतात, म्हणजे बारीक भुकटी वर येते आणि तळाशी जाडा पाला, काड्या राहतात. असं केलं नाही तर भुकटी नळीच्या चाळणीत बसते आणि नळी तुंबते. मग भोपळा तिरका धरून सगळा पाला एका कडेला लोटायचा, एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खळगा. खळग्यात आधी कोमट पाणी, आणि मिनिटभर थांबायचं. पाला फुगला की नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ती खळग्यात रोवायची. ही धातूची नळी म्हणजे बोंबीशा. एकदा रोवली की हलवायची नाही. नवखा माणूस चहासारखं ढवळायला जातो आणि सगळं बिघडवतो.

पाणी उकळतं नको, ७० ते ८० अंशच. उकळत्या पाण्याने पाला करपतो, कडू जहर होतो आणि चार घोटांत फिका पडतो. इथल्या विजेच्या किटल्यांवर मातेसाठी वेगळं बटण असतं, यावरून समज. पाणी बारीक धारेने नळीच्या अगदी बुडाशी ओततात. वरची टेकडी कोरडी ठेवून हळूहळू भिजवतात, म्हणजे लिटरभर पाणी संपेपर्यंत चव टिकते. वर बारीक फेस आला की हात बसला म्हणायचं.

ओतणारा एकच, त्याला सेबादोर म्हणतात. पहिला भोपळा तो स्वतः पितो, कारण पहिला सगळ्यांत कडू आणि भुकटीचा असतो. पाहुण्याला तो देणं वाईट. मग भरून एकेकाला द्यायचा. घेणाऱ्याने तळाशी गुरगुर आवाज येईपर्यंत पूर्ण संपवायचा आणि सेबादोरकडेच परत द्यायचा. हातात धरून गप्पा मारत बसलं तर म्हणतात, तो मायक्रोफोन नाही! आणि ‘ग्रासियास’, म्हणजे ‘आभारी आहे’, भोपळा हातात घेताना म्हणायचं नसतं. त्याचा अर्थ होतो ‘आता पुरे’, आणि पुढच्या फेरीत आपल्याला वगळतात. आपल्याकडे आभार मानले तर कोणी कप काढून घेत नाही, म्हणून नव्या माणसाला हे कळायला वेळ लागतो.

नळी पुसत नाहीत. पुसणं अपमानाचं. उष्ट्याचा विचार माझ्याही मनात येतोच, आई, तू शिकवलेलं विसरले नाही. पण सर्दी-खोकला असलेला माणूस स्वतःहूनच नको म्हणतो, आणि करोनानंतर पुष्कळजण आपापला भोपळा बाळगतात, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. बाबांनी कॅन्सरचं विचारलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली सांगितलं की शंका पाल्याची नाही, ६५ अंशांच्या वरच्या कढत पेयाची आहे. मी निवू देते.

खाण्याची काळजी नको. फक्त ‘कार्ने नको’ म्हणून भागत नाही. इथे कार्ने म्हणजे गाईचंच मांस. तेवढंच सांगितलं तर हॅम किंवा कोंबडी घालून आणतात. म्हणून मी सरळ सांगते, हामोन नको, पोशो नको. कांदा-चीजचा पिझ्झा मिळतो, आणि फायना नावाचं बेसनाचं जाड धिरडं भट्टीत भाजून पिझ्झ्यावर ठेवून देतात. करंजीसारखी एम्पानादा असते. तिच्या मुरडीच्या घडीवरून आत मका आहे की मांस ते ओळखायचं, दुकानात त्याचा तक्ता लावलेला असतो. आजी, तुझ्यासारखी बारीक मुरड मात्र अजून कुठे पाहिली नाही. एकादशीला मांदिओका उकडून खाल्ला. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तोच हा.

मोबाइल बसच्या दाराशी किंवा खिडकीपाशी हातात धरत नाही, तेव्हा काकांना सांगा की मी सावध आहे.

बाबा, पैशांचं. एप्रिलपर्यंत बँकेतून सरकारी दराने महिन्याला २०० डॉलरच घेता येत, म्हणून हप्त्याचे पैसे तुकड्यातुकड्याने आले. मी हात आखडला नव्हता. ती मर्यादा आता उठली आहे. २०२३ साली इथली महागाई वर्षाला २११ टक्के झाली होती. आता बरीच उतरली, तरी पेसो साठवून ठेवावा असं कोणाला वाटत नाही. पगार झाला की त्याच आठवड्यात पाठवत जाईन. इथे जादा पगार असतो, अर्धा जूनअखेर आणि अर्धा १८ डिसेंबरपर्यंत. जूनचा आला आहे. तो सगळा दादाच्या लग्नाला. हॉलची अनामत त्यातून भरा, कर्ज काढू नका.

दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा ऑक्टोबर ते एप्रिलमध्येच मिळते, तीही सलग चौदा दिवस, रविवार धरून, त्यात जाण्यायेण्याचे चार दिवस गेले. साखरपुडा आणि लग्न यातलं एक निवडावं लागलं. वहिनीला साडी मी घेणार होते, ती तू घे, माझ्या पैशाची, मोरपंखी. लग्नाला नक्की येते. भारतात परत येताना पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचं कार्ड विचारतात, ते माझ्यापाशी आहे, विमानतळावर अडकणार नाही. तुम्ही पुढच्या वर्षी आलात तर ती लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. बाबांचं वय साठीपुढचं, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

नगरच्या स्थळाला तूर्त काही कळवू नका. मी आल्यावर समोर बसून बोलू. नाही म्हटलेलं नाही.

आजी, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल. दादाला आणायला सांगितलंय. आई, हे पत्र दुपारीच वाच, रात्री वाचलं की तिला झोप लागत नाही.

तुमची,
छकुली