तीन मोजून मग एक: कॅडीमामांना आभाराचे पत्र

आदरणीय मामांना,
सा. न. वि. वि.

आपण गोल्फच्या मैदानावरचे कॅडीचे, म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहून त्याला साथ देण्याचे, काम सोडून खानापूर तालुक्यातील आपल्या गावी राहायला गेलात, त्याला आता वर्ष होत आले. मैदानावर आपल्याशी जे कधी नीट बोलता आले नाही, ते आज सविस्तर लिहीत आहे. नातवाकडून वाचून घ्यावे.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी बेळगावात गोल्फ खेळू लागलो, तेव्हा चेंडू लांब घालवायचा तर तो जोरात मारला पाहिजे, एवढेच मला ठाऊक होते. त्याआधी दुसऱ्या शहरातील एका प्रशिक्षकाने प्रत्येक फटक्याला नवी सूचना देऊन मला इतके गोंधळवले होते की, चेंडूपुढे उभे राहिल्यावर कोपर सांभाळावे की गुडघा, हेच कळत नसे. माझा बहुतेक प्रत्येक ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, उजवीकडे वळून झाडीत जाई आणि आपण निमूटपणे चेंडू शोधून आणत असा.

पहिले आठ दिवस आपण मला चेंडू मारूच दिला नाही. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेवर बसवायला लावलीत. ब्रिटनमधली ‘द ओपन’ ही मानाची गोल्फ स्पर्धा सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनच्या नावाने ही पकड ओळखली जाते, हे मला नंतर समजले. मूठ इतकीच आवळायची की क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, दांडा फिरू नये, पण मनगट मोकळे राहावे. ड्राइव्हरसाठी, म्हणजे सर्वांत लांब क्लबसाठी, चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत आणि आखूड आयर्नसाठी, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या आखूड क्लबसाठी, पावलांच्या मध्यावर ठेवायचा. या गोष्टी आपण रोज, न कंटाळता तपासल्यात.

मग तो दिवस आला. मी वडगावच्या विणकराच्या घरातला, हे कळल्यावर आपण विचारलेत, "वडिलांनी धोटा कधी घाईनं फेकला होता काय?" मागावर पाय दाबायचा, धोटा जायचा, फणी बसायची, त्या ठेक्यातच माझे बालपण गेले होते. आपण माझ्या मागे उभे राहून कानडीत मोजू लागलात. "ओंदु, एरडु, मूरु" (एक, दोन, तीन) म्हणेपर्यंत क्लब मागे आणि वर जायचा, आणि "हां" म्हणताच चेंडूवर यायचा. मूरु पुरे होण्याआधीच माझे खांदे पुढे झेपावत, तेव्हा आपण क्लबचा दांडा हलकेच धरून ठेवत असा आणि म्हणत असा, "ढकलू नका साहेब, येऊ द्या की."

नामांकित व्यावसायिक खेळाडूंच्या स्विंगचे, म्हणजे क्लब फिरवून फटका मारण्याच्या हालचालीचे, चित्रीकरण मोजणाऱ्यांनाही वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेळ साधारण तीनास एक असाच आढळला आहे, हे मी पुढे वाचले आणि आपल्या मोजणीची थोरवी मनोमन पटली. घाई केली की खांदे आणि हात आधी सुटतात, क्लब बाहेरून आत येत चेंडूला आडवा कापतो, त्याचे तोंड उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे वळतो. ठेका सांभाळला तर भार आधी डाव्या पायावर जातो, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदे व हात येतात आणि सर्वांत शेवटी क्लबच्या डोक्याला वेग मिळतो. माझा चेंडू झाडीत का जात होता, याचे उत्तर मला असे मिळाले. खरे सांगायचे तर माझा जोर पूर्वीपेक्षा कमी लागतो आणि चेंडू पूर्वीपेक्षा लांब जातो. फटका संपल्यावर डाव्या पायावर स्थिर उभा राहून चेंडू पडेपर्यंत पाहत राहण्याचे सुख मला आपल्यामुळे लाभले.

आपण याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत आणि मी विचारले तेव्हा विषय बदललात. ते ऋण माझ्यावर आहे आणि ते मी मनापासून मानतो.

यंदाच्या पावसात महिनाभर मैदानावर जाता आले नाही, तेव्हा घरच्या पडवीत काठी घेऊन रोज शंभर वेळा कानडीत मोजत होतो. दिवाळीनंतर गवत सुकले की गाडी घेऊन आपल्याकडे येतो. एक सकाळ माझ्या मागे उभे राहून पुन्हा मोजावे, एवढी विनंती.

आपला कृतज्ञ,
वडगावचा शिष्य