पहाटे चारची बेल

पॅरिस, रविवार

ती. आईस सा. न.

फोनवर मागून बाबा बोलत होते, म्हणून हे सांगायचं राहिलंच.

काल खालच्या मजल्यावरच्या आजींकडे जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर त्यांनी टीव्हीवर एक जुनं नाटक लावलं, जॉर्ज फेदोचं, १९०८ चं. नावाचं मराठी करायचं तर ‘बाईसाहेबांच्या कैलासवासी मातोश्री’! नवरा पहाटे चार वाजता कलाकारांच्या नाचातून घरी येतो, अंगावर चौदाव्या लुईचा पोशाख. किल्ली विसरलेला, त्यामुळे बायकोची झोपमोड. मग जी जुंपते! वर हा शहाणा नाचात पाहिलेल्या मॉडेलच्या बांध्याची बायकोशी तुलना करतो. झोपलेल्या मोलकरणीला उठवून साक्षीला उभं करतात. तेवढ्यात एक नोकर येऊन सांगतो, बाईंच्या आई गेल्या. बायकोला घेरी, आणि जावईबापूंच्या डोक्यात वारशातून देणी फेडायचा हिशेब! शेवटी कळतं की नोकराचं दार चुकलं, निरोप शेजारच्यांचा होता. झालं, भांडण पुन्हा सुरू.

माझं फ्रेंच तुला माहीतच आहे. निम्मे शब्द निसटले, पण सूर सगळा ओळखीचा होता गं.

आजी ‘ओ तेआत्र स स्वार’च्या आठवणीत रमल्या. १९६६ पासून जवळपास वीस वर्षं चाललेला कार्यक्रम. मारिन्यी थिएटरात खरे प्रेक्षक बसवून नाटकं चित्रित करायचे आणि ती घरोघरी दिसायची. ‘नेपथ्य रोजे आर्ट, वेशभूषा डोनाल्ड कार्डवेल’ हे शेवटचं वाक्य त्यांना अजून तोंडपाठ आहे, सुरासकट. इथे आपल्या तिसऱ्या घंटेच्या जागी बरं का, पडदा उघडण्याआधी काठीने तीन ठोके देण्याची जुनी रीत होती.

आणि हा फेदो! नाटक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी बायकोशी बिनसून सें-लाझार स्टेशनजवळच्या हॉटेलात राहायला गेला, तो कित्येक वर्षं तिथेच. म्हणजे संवाद कुठून आले ते उघड आहे.

मला मात्र सारखी आपली सांगलीची आडवी कडी आठवत होती. भावे नाट्यमंदिरातल्या तालमी संपवून बाबा मध्यरात्री यायचे, किल्ली हमखास घरातच, आणि तू ‘किती वाजले?’ विचारल्याशिवाय दार उघडायची नाहीस. बाबा प्रत्येक वेळी अर्धा तास कमीच सांगायचे.

एक विचारू? पहिल्या हाकेलाच तू जागी व्हायचीस ना? मग दार उघडायला इतका वेळ का लावायचीस?

तुझी,
धाकटी