ओवीला कुठला गेम घ्यायचा: मन्यास पत्र

पवननगर, सिडको,
नाशिक.
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी अंबडच्या कारखान्यात मशीनवर होतो, जॉब लावलेला होता, म्हणून "बघून सांगतो" एवढंच बोललो. ओवी दहा वर्षांची झाली, गेम मागतेय, काय घेऊन द्यावं, एवढाच तुझा प्रश्न. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "मोबाइलवर फुकटातले आहेतच की, शेवटी सगळे गेम सारखेच." ते वाक्य चार दिवस डोक्यातून गेलं नाही. मन्या, सगळे सारखे नसतात रे. आणि हे तूच म्हणावंस याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण मला हा नाद तुझ्याच घरी लागला.

आठवतंय का, उत्तमनगरच्या तुमच्या घरात आई दुपारी झोपल्या की आपण टीव्हीचा आवाज बंद करून मारिओ लावायचो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. आपल्यापर्यंत तो कितीतरी वर्षांनी, टीव्हीला जोडायच्या नकली गेमच्या डब्यातून आणि पिवळ्या कॅसेटमधून आला. आपल्याला इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. तरी पाच मिनिटांत सगळं कळलं, ते कसं? मी हल्ली ती पहिली पातळी पुन्हा नीट बघितली. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचं उजवीकडेच. समोरून एक चिडका प्राणी येतो. एकदा त्याला धडकून मेलो की पुढच्या वेळी उडी मारतो. वरच्या चमकणाऱ्या विटेला खालून धडक दिली की मशरूम निघतं, पुढच्या पाइपला आपटून उलटं आपल्याकडेच येतं, आणि वर विटा असल्यामुळे ते चुकवणं अवघड असतं. खाल्लं की मोठे होतो. चांगलं काय, वाईट काय, एका अक्षराविना समजलं. हा गेम बनवणाऱ्या मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विचार करून रचलं होतं. समोरचा पोरगा हुशार आहे, दाखवलं की त्याला कळेल, असं ते धरून चालले होते.

तेव्हापासून गेम बघताना माझी कसोटी एकच आहे: हा मला काय समजतो? माझ्या वेळेची याला काही किंमत आहे का?

आधी तुझ्या फुकटवाल्यांबद्दल. ‘कँडी क्रश सागा’ २०१२ चा. कोडी म्हणून वाईट नाहीत, काही पातळ्या तर सुरेख आहेत. पण त्यात पाच जीव मिळतात, एक गेला की परत यायला अर्धा तास लागतो, नाहीतर पैसे टाका. ही वाट बघणं म्हणजे खेळ नव्हे. ते मुद्दाम केलेलं टोचणं आहे. आपल्या ‘कॉन्ट्रा’तही जीव मोजकेच होते, पण ते संपले की लगेच पहिल्यापासून सुरू करता यायचं, आणि तू वर वर खाली खाली दाबून तीस जीव काढायचास ते वेगळंच. तिथे अडचण खेळातली होती, दुकानातली नव्हती. माझ्या बहिणीच्या मुलानं मागच्या मे महिन्यात एका गेममध्ये तिच्या फोनवरून चार हजार तीनशे रुपयांचे हिरे घेतले. ते देऊन पेटी उघडायची, आणि आतून काय निघेल ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. बेल्जियमनं २०१८ मध्येच अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. आपल्याकडे यंदाच्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी घालणारा कायदा झाला, ते चांगलंच झालं. पण दहा वर्षांच्या पोराला रंगीत पेटीसमोर बसवायचं का, हा निर्णय घरातच घ्यावा लागतो.

मी मोबाइलच्या विरुद्ध आहे असं मात्र समजू नकोस. बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, मी भाच्याबरोबर मनापासून खेळतो. शंभर जण एका बेटावर उतरतात, वर्तुळ आवळत जातं, शेवटी पाच-सहा जण गवतात आडवे पडलेले, कुणीच हलत नाही. त्या दोन मिनिटांत हाताला घाम येतो. नियम इतका साधा आणि त्यातून इतका ताण, हे मोठं काम आहे. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा गोदाकाठच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसणारी पोरं हिरमुसली होती ते मी पाहिलंय. माझी तक्रार खेळाबद्दल नाही, खेळाच्या दारात मांडलेल्या कपड्यांच्या दुकानाबद्दल आहे. सामना बारा मिनिटांत संपला तरी पुढच्या सामन्याआधी चार खिडक्या बंद कराव्या लागतात.

आता तुझ्या लाडक्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ बद्दल. रागावू नकोस. त्यातल्या आर्थर या दरोडेखोराची गोष्ट मलाही लागली. उधारी वसूल करायला जातो, एका खंगलेल्या माणसाला मारहाण करतो आणि त्याचाच क्षय घेऊन परततो. पुढे त्याचं खोकणं ऐकताना मी एकदा गेम बंद करून गच्चीत जाऊन उभा राहिलो होतो. पण मन्या, मिशन सुरू झालं की तो गेम आपला हात सोडतच नाही. घोडा जरा आडवाटेनं नेला की मिशन फेल. मागच्या खिडकीतून शिरावंसं वाटलं तरी नाही, त्यानं सांगितलेल्या दारातूनच जायचं. एवढं मोठं जग उभं केलं, झाडाच्या सालीपर्यंत बारकाईनं केलं, आणि खेळणाऱ्यावर तेवढाही विश्वास नाही. गोष्ट सांगायची एक पद्धत सिनेमातून उसनी आणलेली आहे आणि मोठ्या खर्चाचे गेम तिच्यातच अडकलेत असं माझं स्पष्ट मत आहे.

याच्यासमोर ‘पेपर्स, प्लीज’ ठेवून बघ. २०१३ चा, लुकास पोप या एका माणसानं केलेला. तू सीमेवरच्या चौकीतला कारकून. पासपोर्ट बघायचा, तारीख जुळते का, फोटो जुळतो का, शिक्का मारायचा. दिवस संपला की पगारातून घराचं भाडं, खाणं, शेगडी. चुका झाल्या की दंड, मग मुलगा उपाशी. एक बाई येते, कागद पूर्ण नाहीत, नवरा आत्ताच पुढे गेलाय. शिक्का तुझ्या हातात. कुणी वाजंत्री लावून सांगत नाही की आता वाईट वाटून घ्या. मी त्या रात्री जो शिक्का मारला तो अजून आठवतो. ही गोष्ट सिनेमात अशी सांगताच आली नसती, कारण तिथे शिक्का दुसऱ्याच्या हातात असता.

मोकळ्या जगाच्या गेमांचंही असंच. ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ मी साठ तास खेळलो आणि सोडला. नकाशा उघडला की शेकडो ठिपके. एकेक ठिपका पुसत जायचा, किराणा मालाच्या यादीसारखा. इंग्लंडचे हिरवे डोंगर समोर असतात आणि आपली नजर वर कंपासच्या पट्टीवर. तुला गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती आठवतो ना? पूर आला की गोदाकाठी कुणी पाण्याचे आकडे विचारत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, एवढ्यावर अख्ख्या नाशिकला कळतं दुकानं कधी आवरायची. खूण जागेतच असते, बघणाऱ्याला बघायला शिकवते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) तसा आहे. सुरुवातीला पठाराच्या कड्यावर उभं राहिलं की लांब धुराचा डोंगर दिसतो, एका बाजूला किल्ला, आणि पाय आपोआप तिकडे वळतात. पाऊस आला की दगड निसरडा होतो, कडा चढता येत नाही, थांबावं लागतं. त्यातली शस्त्रं पटापट मोडतात ते मात्र मला शेवटपर्यंत आवडलं नाही. हातात बसलेलं हत्यार दर दहा मिनिटांनी टाकायचं, हे माझ्यासारख्या टूल जपणाऱ्या माणसाला पटत नाही.

अवघड गेमांबद्दल थोडक्यात. ‘एल्डन रिंग’चा सुरुवातीचा भाग श्रेष्ठ, कारण एका राक्षसापाशी अडलो तर दुसरीकडे निघून जाता येतं. शेवटाकडे तो नुसता लांबतो. त्याच त्या भुयारांत तेच ते राक्षस. त्यापेक्षा मला ‘सेलेस्ट’ (२०१८) जवळचा वाटतो. एक मुलगी डोंगर चढते, एवढंच. मरायला होतं हजार वेळा, पण क्षणात परत उभं. आणि त्यात एक गोष्ट आहे जी मला कारखान्यातून आल्यावरच कळली. कड्यावरून पाय सुटला तरी पुढचा एक बारीक क्षण उडीचं बटण चालतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला जाणवतं. ही टॉलरन्स आहे, मन्या! आम्ही शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आणि त्याच्या भोवतीच्या बुशमध्ये काही मायक्रॉनची जागा ठेवतो, नाहीतर फिरणारच नाही. जास्त ठेवली तर प्ले येतो, म्हणजे ढिलं होतं, आणि आवाज करतं. हे ज्यानं बसवलंय त्याच्यातला कारागीर मला ओळखू येतो.

क्रिकेटचं मात्र मला खरंच दुःख आहे. ‘क्रिकेट ०७’ आपण किती खेळलो! ती मालिका तिथेच थांबली, आणि आपल्याकडची पोरं अजून त्याच गेमला नवे खेळाडू, नवे जर्सी घालून जिवंत ठेवतात. पुढचे गेम दिसायला कितीतरी चांगले झाले. पण रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर उभा राहिलो की वाटतं, ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून द्यायचं जे सुख आहे ते यातल्या एकाही गेममध्ये मला मिळालेलं नाही. सोडला तर काहीच घडत नाही, मारला तरच गेम दखल घेतो. गोलंदाज वैतागत नाही, फील्ड पुढे सरकत नाही. इतकं क्रिकेटवेडं आपलं मार्केट, आणि संयमाची किंमत कुणी गेममध्ये बसवू नये?

आता ओवीसाठी. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ घे, २०१६ चा. एरिक बॅरोननं एकट्यानं चारेक वर्षं बसून केला. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर आरामात चालेल, आणि किंमत तुम्हा तिघांच्या एका हॉटेलच्या बिलाहून कमी. आजोबांचं पडीक शेत मिळतं, नांगरायचं, पेरायचं, गावातल्या माणसांशी ओळखी करायच्या. मी तो निफाडला मामांना दाखवला होता. मामा बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "सगळ्यांनी हेच पीक काढलं तर भाव पडत नाही?" नाही पडत. रात्री पेटीत टाकलं की सकाळी ठरलेले पैसे. पाऊस आला की उलट पाणी घालायचं काम वाचतं. मामांच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी रोग येतो आणि फवारणीचा खर्च डोक्यावर बसतो. लासलगावला कांदा नेला तर भाडं सुटेल की नाही ते तिथे गेल्यावर कळतं. मामा म्हणाले, "असं असतं तर मुलं शेती सोडून गेली नसती." आणि तरी ते तासभर उठले नाहीत, पार्सनिप नावाची कंदं काढून पेटीत टाकत बसले. मी त्यावर काही बोललो नाही.

तेव्हा ओवीला हेही सांग की हे शेत स्वप्नातलं आहे. आणि एक नियम कर. त्यातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा असतो, आणि झोपल्यावरच सेव्ह होतं, त्यामुळे "अजून एकच दिवस" ही सवय लागते. हा त्याचा दोषच आहे. रोज तीन दिवस, मग बंद. तूही शेजारी बस, दोघांना मिळून खेळता येतं.

पुढे मोठी झाली की ‘राजी’ दे. पुण्याच्या पोरांनी केलेला, २०२० चा. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, राजी हरवलेल्या भावाला शोधते. वाडे, पाण्याचे हौद, भिंतीवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून येणारी कथा: आपल्या ओळखीचं जग पहिल्यांदा इतकं देखणं दिसलं की मला भरून आलं होतं. मारामारी ताठर आहे आणि गोष्ट मधेच तुटल्यासारखी संपते, हेही खरं. आपलं म्हणून मी ते झाकणार नाही. मराठीत बोलणारा असा एक गेम यावा ही माझी फार इच्छा आहे.

आणि शक्यतो जो इंटरनेटशिवाय चालतो तोच घे. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला होता, पैसे देऊन घ्यायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले, त्यानंतर विकत घेतलेला तो गेम एकट्यानंसुद्धा खेळता येईना. माझ्याकडे आपली पिवळी कॅसेट आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, डब्यासकट. जुन्या टीव्हीला जोडली, दोन-तीनदा काढून घातली, आणि लागली! ‘बॅटल सिटी’ चालू झाला, तो रणगाड्यांचा, ज्यात आपण स्वतःचे नकाशे बनवायचो.

पण मी एकटाच खेळलो, कारण डब्याला रिमोट एकच आहे. दुसरा तू कोल्हापूरला जाताना घेऊन गेलास. नाताळच्या सुट्टीत वहिनींना आणि ओवीला घेऊन ये. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते ठिकठिकाणी खोदलेत, द्वारका चौकात अडकशील, तेव्हा सकाळी लवकर निघ. आणि रिमोट विसरू नकोस.

तुझाच,
बाळू