पिलं यायच्या आधी

लाडक्या लेकीस,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात कोंबडीची सहा पिलं येणार असं तू काल फोनवर सांगितलंस आणि मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. मग रात्री झोपच लागेना. एकेक गोष्ट आठवत गेली. फोनवर सगळं सांगितलं असतं तर अर्धं तू विसरली असतीस, म्हणून लिहायला बसले.

सहा पिलं आणतेयस ते योग्य केलंस. कोंबडी एकटी पाळू नये, ती झुरते. दोन आणल्या आणि एक गेली की उरलेली एकटीच. सहा असल्या की एखादं दगावलं किंवा एखादा कोंबडा निघाला तरी कळप राहतो.

पिलं घरात आल्यावर त्यांना ठेवायची पेटी शोधत बसू नकोस. आदल्या दिवशीच दिवा लावून बघ. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर साधारण 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. सहा आठवड्यांत पिसं भरतात, मग सहसा दिवा लागत नाही. दिवा पेटीच्या एका टोकाला ठेव, म्हणजे गरम झालं तर पिलांना लांब सरकता येईल. आणि तो दोन ठिकाणी पक्का बांध, साखळीने. कोरड्या भुशावर दिवा पडला तर घर पेटायला वेळ लागत नाही.

पण थर्मामीटरवर विसंबू नकोस, पिलांकडे बघ. दिव्याखाली एकावर एक चढून बसली आणि टिपेच्या आवाजात ओरडू लागली तर त्यांना थंडी वाजतेय. चोची उघड्या ठेवून, पंख पाडून पार कडेला गेली तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात गेली तर कुठून तरी झोत येतोय. पेटीभर पांगलेली, दोन खातायत, एक पाणी पितंय, बाकीची झोपलेली आणि आवाज बारीक, समाधानाचा, म्हणजे ऊब बरोबर आहे. पिल्लू झोपतं ते मान पुढे टाकून, पाय पसरून, अगदी निपचित. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा गेलंच म्हणून हातात उचलून घेतलं. ते डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिलं, अंग गरम, छाती धडधडत होती. तू घाबरू नकोस.

पेटीत गुळगुळीत कागद अंथरू नकोस, पिलांचे पाय घसरून फाकतात आणि तसेच वाकडे राहतात. लाकडाचा जाडसर भुसा किंवा तूस घाल. प्रवासातून आलेल्या पिलाला आधी पाणी हवं. अंड्यातून निघताना उरलेला बलक त्याच्या पोटात असतो, त्यावर ते दोनेक दिवस तग धरतं. प्रत्येकाची चोच एकदा अलगद पाण्याला लाव, बाकी ते आपलं आपण शिकतं. भांडं उथळ ठेव आणि त्यात खडे टाक. तळहातावर मावणारं पिल्लू बोटभर पाण्यात बुडतं. रोज एकेकाला उचलून शेपटीखाली बघ. शीट चिकटून वाळली असेल तर ओढू नकोस. कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू सोडव आणि पुसून दिव्याजवळ सोड. हे राहून गेलं तर वाट बंद होते आणि पिल्लू मरतं.

खाद्य पिलांचंच घे. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य स्वस्तात मिळालं तरी नको. त्यात कवचासाठी भरपूर कॅल्शियम असतं, ते पिलांची मूत्रपिंडं खराब करतं. पुढे अंडी सुरू झाली की ते खाद्य द्यायचं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. जिला हवा ती खाते. बुरशीचा वास आलेलं खाद्य सरळ फेकून दे, जीव हळहळला तरी.

ओल हा पिलांचा वैरी आहे. माझ्या दुसऱ्या खेपेला पाण्याचं भांडं सारखं सांडायचं आणि मी ओला भुसा काढायच्या ऐवजी वरून कोरडा टाकत राहिले. चौथ्या आठवड्यात एक पिल्लू पिसं फुलवून, मान खांद्यात घालून बसलं. दुपारपर्यंत शिटेत रक्त दिसलं. आतड्याचा रोग होता तो, कॉक्सिडिओसिस म्हणतात. त्याचे जंतू ओल्या, उबदार भुशात वाढतात. डॉक्टरांनी औषध दिलं, पण दोन पिलं गेली. कोंबडी आजार लपवते, दिसायला लागतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो. म्हणून एखादं असं फुगून बसलं की उद्या बघू म्हणू नकोस. पिलं घेतानाच कोणत्या लसी दिल्यात ते विचारून लिहून ठेव. मारेक्स नावाच्या रोगाची लस पहिल्याच दिवशी देतात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, कधी द्यायची ते पशुवैद्याला विचार. आणि एकदम दोन-तीन पक्षी मेले तर त्यांना हात न लावता आधी त्यालाच कळव.

आता खुराड्याचं. ही चूक तुझ्या हातून होऊ नये, म्हणून खरं तर हे पत्र.

षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते ना, ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. लहान जनावर पंजा घालून आतली कोंबडी ओढतं. अर्ध्या इंची चौकोनांची वेल्ड केलेली जाळी लाव. ती खाली जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट वळवून मातीखाली दाब. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, आणि जाळी लागली की सोडून देतं. दाराला नुसती फिरकी नको, खिट्टी आणि वर कुलूप किंवा कडी.

कोंबडी रातांधळी असते. तिन्हीसांजेला स्वतःहून आत येऊन दांडीवर बसते आणि अंधार पडला की तिला कुणीही उचलावं अशी तिची गत होते. म्हणून दार लावताना मोजायचं. एका संध्याकाळी मला पाच दिसल्या. सहावी मागे कोपऱ्यात असेल असं धरून मी दार लावलं. बॅटरी आणायला घरात जायचा कंटाळा केला, एवढंच. सकाळी भिंतीच्या पायाशी पिसांचा पुंजका होता, तपकिरी, टोकांना सोनेरी. ती माझ्या मागे मागे फिरणारी होती. तिने बाहेरून दाराशी येऊन किती वेळ वाट बघितली असेल, हे अजून माझ्या मनातून जात नाही. तू रोज मोज, बोट दाखवून, मोठ्याने. छोटीला ते काम दे, तिला आकडेही येतील.

छोटीवरून आठवलं. पिलांचे मुके घेऊ देऊ नकोस. धडधाकट दिसणाऱ्या पिलाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तो फार त्रास देतो. हात साबणाने, प्रत्येक वेळी.

खुराड्यात आत प्रत्येकीला चार चौरस फूट जागा धर, बाहेर फिरायला निदान दुप्पट. दांडी अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवी, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी बरबटतात. हवेच्या खिडक्या त्यांच्या डोक्याच्या वर ठेव. पहाटे दार उघडशील तेव्हा वाकून त्यांच्या उंचीवर नाक ने. शिटेच्या वासाने डोळ्यांना झोंबलं तर त्यांना रात्रभर झोंबलेलं असतं. एका कोपऱ्यात कोरडी भुसभुशीत माती ठेव, धुळीत लोळल्याने पिसवा कमी होतात.

चोचाचोची होईल, ती होऊ दे. कोणी कोणाला टोचायचं याचा त्यांच्यात ठरलेला क्रम असतो. श्येल्डरुप-एबे नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने तो 1921 मध्ये मांडला, आणि कोंबड्यांकडे तो लहानपणापासून बघत आला होता. पण रक्त दिसलं की ती कोंबडी लगेच बाजूला काढ. लाल दिसलं की बाकीच्या थांबत नाहीत.

अंड्यांची घाई करू नकोस. तलंगांना, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबड्यांना, पाचेक महिने लागतात. पहिली अंडी छोटी असतात, एखादं बिनकवचाचंही येतं. एका अंड्याला आत साधारण पंचवीस तास लागतात, म्हणून रोज एक मिळेलच असं नाही. दिवस लहान झाले की पिसं झडतात आणि अंडी थांबतात, तो त्यांचा आराम आहे. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिलांसाठी लागतो. एखादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, आणि खोक्यातून उठेना, तर मला फोन कर, तेव्हाचं तेव्हा सांगेन.

एक अवघड गोष्ट मात्र आत्ताच ठरव. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होत जातील, आणि कोंबडी सहा-आठ वर्षं जगते. तेव्हा काय करायचं ते तुम्ही दोघं आज बोलून घ्या. छोटीने त्यांना नावं ठेवल्यावर बोलणं जड जाईल.

पिलं येतील त्या रात्री झोपायच्या आधी एकदा पेटीत बघ आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. फक्त एवढं सांग, पांगून झोपलीत की दिव्याखाली गोळा झालीत.

तुझी,
आई