सेल घेण्याआधी

सॅन फ्रान्सिस्को

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. काकूंचा गुडघा आता कसा आहे ते आधी कळव.

डिस्नीच्या 'स्नो व्हाइट' या कार्टूनपटाचा मूळ सेल, म्हणजे चित्र रंगवून कॅमेऱ्यासमोर ठेवलेली पारदर्शक शीट, विकत घ्यायचा विचार करतोयस हे वाचून इतका आनंद झाला की फोन न करता लिहायलाच बसलो. इथल्या प्रेसिडिओत वॉल्ट डिस्नी फॅमिली म्युझियम आहे, तिथे मी मूळ चित्रं जवळून पाहिली आहेत. समोरून जी रेघ दिसते ती शाईची. एखाद्या केसाची असावी इतकी बारीक, आणि नुसती काळी नव्हे, ज्या त्या रंगाला साजेशी. रंग मात्र पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूने भरलेला. त्यामुळे पुढून तो एकसारखा सपाट दिसतो आणि रेघेला धक्का लागत नाही.

हे काम इंक अँड पेंट विभागातल्या मुली हातात पांढरे मोजे घालून करत. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 फ्रेम लागतात, त्यावरून त्यांनी किती शीट रंगवल्या असतील याचा अंदाज कर. 1937 च्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या विभागाचा उल्लेखही नाही. म्हणून मला वाटतं, तू पैसे मोजशील ते पडद्यावर दिसलेल्या पात्रासाठी जेवढे, तेवढेच त्या हातांसाठीही असावेत.

त्या काळी काम झालं की सेल पुसून पुन्हा वापरत, नाहीतर टाकून देत. 1938 पासून याच शहरातल्या कुर्व्हाझिए गॅलरीने ते विकायला सुरुवात केली. तिथे बरेचसे सेल कापून नव्या पार्श्वभूमीवर बसवले जात, कधी लाकडाच्या पातळ पापुद्र्यावरही. त्यामुळे खाली पेगची, म्हणजे शीट खुंट्यांवर नेमकी बसवायची, भोकं नाहीत एवढ्यावरून सेल खोटा ठरवू नकोस. 'सेरिसेल' असं लिहिलेलं असेल तर मात्र सरळ नाही म्हण. तो छापील असतो, कॅमेऱ्यासमोर कधी गेलेलाच नसतो.

आणखी एक. 1961 च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स'पासून रेघा झेरॉक्सने शीटवर उतरू लागल्या, रंग तेवढा हाताने भरायचा. पुढे 1989 च्या 'द लिटिल मर्मेड'नंतर डिस्नीच्या मोठ्या चित्रपटांत तेही संपलं आणि काम संगणकावर गेलं. हाताची शाई हवी असेल तर 1961 च्या आधीचंच बघ, भले पात्र दुय्यम का असेना. सात बुटक्यांपैकी एखादा मिळाला तरी मी उडी मारेन!

रत्नागिरीच्या हवेची मला खरी काळजी वाटते. त्या काळातल्या शीटचं प्लास्टिक, सेल्युलोज नायट्रेट, पिवळं पडतं, चटकन पेटतंही. नंतरचं अ‍ॅसिटेट खराब होऊ लागलं की व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. दमटपणात रंग सुटतो, काचेला चिकटतो. म्हणून फ्रेम करताना काच आणि सेल यांच्यात जागा ठेवायला सांग, आणि समुद्राकडच्या भिंतीवर तो अजिबात लावू नकोस. रंगाचा टवका उडालेला असेल तर तसाच राहू दे. विकणारा 'नव्याने रंगवून देतो' म्हणाला तर ऐकू नकोस, तिथे मूळ हात पुसला जातो.

पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा, उजेडात काढलेला स्पष्ट फोटो मागव आणि मला पाठव. फोटो द्यायला तो का कू करू लागला तर व्यवहार तिथेच थांबव.

तुझा,
मंदार