सेक्टर फंडांच्या तक्त्यात पडझडीचाही रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सोमवारच्या अंकात 'वर्षभरातील अव्वल फंड' असा तक्ता येतो. हल्ली त्यात वरची नावे बहुतेक सेक्टर फंडांचीच, म्हणजे एकाच क्षेत्राच्या शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या म्युच्युअल फंडांचीच असतात आणि आकडा एकच, गेल्या वर्षाचा परतावा. आमच्या अनगोळात ते कात्रण खिशात घालून एजंटाकडे जाणारी माणसे मी पाहतो. त्यांच्यासाठी हे पत्र.

माझी सगळी नोकरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत झाली. ट्रॅक्टर-ट्रकच्या ऑर्डरी जोरात असल्या की तिन्ही पाळ्यांत भट्टी चालू, मोल्डिंगला माणूस मिळायची मारामार. नेमक्या त्याच वेळी मालक नवी फर्नेस घ्यायला निघत. ती बसून पहिली ओतणी होईपर्यंत मागणी ओसरलेली असे. २०१९ मध्ये वाहन उद्योग मंदावला तेव्हा आमच्याकडे आठवड्यातले निम्मे दिवस भट्टी थंड होती, तयार कास्टिंगचा ढीग फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) शेडमध्ये गंजत पडलेला. तेव्हा ऑटो फंडाचे नावही कुणी काढत नव्हते. मार्च २०२० च्या तळापासून पुढच्या साडेचार वर्षांत वाहन कंपन्यांचा निर्देशांक चौपटीहून जास्त वाढला. तक्त्यात ते फंड वर आले ते त्यानंतर, आणि गर्दीही तेव्हाच झाली.

हे काही नवे नाही. २००० च्या सुमारास आयटी फंड, २००७-०८ मध्ये इन्फ्रा (रस्ते, वीज, बांधकाम), २०१५ मध्ये फार्मा. प्रत्येक वेळी लोक तेजीच्या टोकाला शिरले आणि पुढे वर्षानुवर्षे अडकून राहिले. जून २०२४ या एका महिन्यात सेक्टर आणि थीमॅटिक (एखाद्या संकल्पनेभोवती शेअर निवडणाऱ्या) फंडांत बावीस हजार कोटींहून जास्त रक्कम आली, त्यातली बरीच एनएफओतून, म्हणजे नव्या फंडांच्या पहिल्या विक्रीतून. सप्टेंबरअखेर बाजाराने उच्चांक गाठला आणि मग महिनोन् महिने घसरण चालली.

लोकांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे अशा फंडाला किमान ८० टक्के पैसा त्याच क्षेत्राच्या शेअरमध्ये ठेवावा लागतो. क्षेत्र कोसळताना दिसले तरी फंड मॅनेजर बाहेर पडू शकत नाही. म्हणजे कधी निघायचे हे ज्याचे पैसे त्यानेच ठरवायचे, आणि ते घेण्याआधी ठरवायचे. भाव चढल्यावर ते कुणाला जमत नाही.

दिवसातली घसरण टिपण्याचा खटाटोपही फुकट आहे. दुपारी तीनच्या आत अर्ज आणि पैसे दोन्ही पोहोचले तरी एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) लागते ती बाजार बंद झाल्यानंतरची. सकाळी अकराचा भाव फंडात मिळत नाही.

आत-बाहेर करण्याचा खर्चही बघा. दोन लाखांवर आठ महिन्यांत तीस हजार फायदा झाला आणि पैसे काढले. एक्झिट लोड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी काढलेल्या रकमेतून होणारी कपात, योजनेनुसार बदलतो. तो काढलेल्या सगळ्या रकमेवर एक टक्का धरला तर तेवीसशे गेले. उरलेल्या नफ्यावर २० टक्के कर म्हणजे आणखी साडेपाच हजार, वर उपकर. फायद्यापैकी हातात बावीस हजारांच्या आत. वर्ष ओलांडले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. 'स्विच' केले, म्हणजे एका योजनेतून दुसरीत पैसे हलवले, की विक्री होत नाही असे सांगणारे एजंट मला भेटले आहेत. ते साफ चूक आहे, कराच्या हिशेबात ती विक्रीच.

माझे मत विचाराल तर ज्या धंद्याची नाडी आपल्याला कळते त्याच क्षेत्रात, ऑर्डरी आटल्या असताना, चार-सहा हप्त्यांत पैसे घालावेत, आणि तेही एकूण बचतीच्या दहाव्या हिश्शापर्यंतच. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला किंवा संकेश्वरच्या ऊसवाल्याला आपल्या धंद्यातली तेजी-मंदी कुणी शिकवायला नको. त्यांनी दुसऱ्याच्या धंद्यात मात्र डोळे मिटून का शिरावे?

तेव्हा विनंती अशी, की त्या तक्त्यात पाच आणि दहा वर्षांचा परतावा द्यावा, फंड आजवर वरून खाली जास्तीत जास्त किती टक्के पडला आणि सावरायला किती महिने लागले तेही द्यावे. एक्झिट लोडचा रकानाही असावा. जागा कमी पडत असेल तर वीसऐवजी आठच फंड छापा.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर
अनगोळ, बेळगाव