नानांनी वाढलं

प्रिय बंड्या,

या सणाला नानांनी वाढलं. हो, आमच्याच नानांनी. फोनवर सांगितलं असतं तर तू हसत सुटला असतास आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं, म्हणून लिहितोय.

तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, गोळी चालू आहे.

झालं असं, की वहिनीने आधीच जाहीर केलं: सणाचा स्वयंपाक मी एकटी करणार नाही. जेवायला सगळे इथेच या, पण येताना प्रत्येक घरातून एक पदार्थ. आणि ज्यांनी रांधलं ते आधी बसतील, बाकीच्यांनी वाढायचं. दादा चक्क तिच्या बाजूने बोलला. ताईला मात्र लागलं. "आईच्या घरी डबे घेऊन जायचं?" म्हणून तिने फोन आपटला आणि थोड्या वेळाने पुन्हा करून विचारलं, "गोडाचं कोण आणतंय?" ताई तीच आहे, काळजी नको.

छोटीने फ्रिजवर कागद चिकटवला. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, फ्रिज 5 अंशांच्या खाली, पुन्हा गरम करताना आतपर्यंत 70 अंश. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम म्हणे. धाकटा नेहमीसारखा उशिरा उगवला, तर दारातच त्याचा डबा अडवून उलटतपासणी: किती वाजता शिजवलंस? तू हवा होतास रे.

मग वहिनी, ताई, धाकटा बसले. दादा वाढत होता, म्हणजे सांडत होता. नाना त्यांच्या खुर्चीत, समोर रिकामं ताट. आता चिडतील, मग चिडतील, असं करत मी त्यांच्याकडे बघत होतो. ते उठले, दादाच्या हातातला डाव काढून घेतला आणि वहिनीच्या पानात इतकं वाढलं की तिला ते संपेना. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर ते पुन्हा बसले असते.

छोटी मानसशास्त्र शिकते हे तुला माहीत आहेच. तिने मला 2002 चा एक आढावा दाखवला, कुटुंबांच्या सवयी आणि रिवाजांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा. त्यात म्हटलंय, सवयीतून 'काय करायचं आहे' एवढंच कळतं, रिवाजातून 'आपण कोण आहोत' ते कळतं. तेव्हापासून डोक्यात भुंगा. आमचं हे यातलं कुठलं? पोरांनी तर पुढच्या वर्षीही असंच म्हणून ठरवूनही टाकलंय. पण यादी वहिनीने केली, फोन वहिनीने केले, कुठला वाडगा कुठे आहे हेही तिनेच जेवता जेवता ओरडून सांगितलं. रांधणं वाटून घेतलं, ध्यानात ठेवणं तिच्याच गळ्यात राहिलं. म्हणून पुढच्या वर्षीची यादी मी मागून घेतली. हसू नकोस.

आणि तिथेच अडलोय. सगळे पांगल्यावर नाना मला म्हणाले, "यादीत तुझ्या आईच्या आवडीचं काहीतरी धर. तिला काय आवडायचं रे?"

मला सांगता आलं नाही. दादालाही नाही. ताईने नानांना काय आवडायचं ते सांगितलं, मग दादाला काय, मग मला काय, आणि गप्प झाली.

"तुझी आई जेवताना मी कधी पाहिलीच नाही," असं तू एकदा भर ताटावर म्हणाला होतास आणि आपलं वाजलं होतं. माझं मत आजही तेच आहे, ती वेळ नव्हती. नाना समोर बसले होते, गाढवा. पण आम्ही बाहेर पत्ते कुटायचो तेव्हा तू आत तिच्याशी गप्पा मारत बसायचास. झाकपाक झाल्यावर ती काय घ्यायची? काहीतरी बाजूला काढून ठेवायची का? नीट आठवून लिही. 'सगळंच आवडायचं' असलं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

नव्या नोकरीचं काय झालं? मुलगी हॉस्टेलवर रुळली का? तुझ्या मेहुण्याने पैसे परत केले नसणारच. पुढच्या सणाला तुझं नाव यादीत घातलंय, पदार्थ तुझा तू ठरव. विकतचा चालणार नाही, छोटी विचारेल.

तुझा,
अण्णा